स्टेडियम बंद आहे तोवर: घरात बसून मॅच बघताना ग्राउंडचा फील कसा टिकवायचा

हे लिहितोय जून २०२१ मध्ये, कोरोनाच्या दिवसांत. येत्या शुक्रवारी, ११ जूनला युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा, सुरू होतोय. गेल्या वर्षी व्हायचा तो या वर्षी होतोय आणि नाव मात्र युरो २०२० च ठेवलंय. पहिली मॅच तुर्की विरुद्ध इटली, रोममध्ये, आपल्याकडे रात्री साडेबाराला. आणि कोल्हापुरात निर्बंध अजून कडक आहेत, शाहू स्टेडियमला कुलूप, तालमीत जमायचं नाही, चौकात पडदा लावायचा नाही. वर्ल्ड कप आला की ज्या गावात पेठापेठांतून ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे आणि खेळाडूंचे कटआउट उभे राहतात त्या गावात यंदा प्रत्येकाने आपापल्या घरात बसून बघायचंय.

गेल्या सव्वा वर्षात मला कितीतरी जणांनी विचारलं की अरे टीव्हीवर रोज मॅच असते, मग तुम्ही फुटबॉलवाले नेमकं मिस काय करता? मिस करतो हो, लई मिस करतो. टीव्हीवर गोल जास्त चांगला दिसतो हे मान्य, रिप्ले मिळतो, ऑफसाइडची रेघ मारून दाखवतात. शाहू स्टेडियमवर यातलं काही नसतं, ऊन तोंडावर येतं, पुढचा उभा राहिला की पेनल्टी बॉक्समध्ये काय झालं ते शेजाऱ्याला विचारावं लागतं, तरी दुपारी चारच्या मॅचसाठी तीनलाच पाय तिकडं वळायचे. कारण तिथं आपण नुसते बघत नसतो, आपण ओरडलो की बॅकचा पाय अडखळतो, आपल्या पोराला जोर येतो, आपण त्या मॅचमध्ये असतो. ते घरात शंभर टक्के आणता येत नाही. पण बरंच आणता येतं, आम्ही मित्रांनी वर्षभर वेगवेगळं करून बघितलंय, जे खरंच कामाला आलं ते इथे लिहितोय. युरोसाठी वापरा, कोपा अमेरिकेसाठी (दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा) वापरा, आयएसएलचा, म्हणजे आपल्या इंडियन सुपर लीगचा पुढचा सीझन आला की त्याला वापरा.

आधी ओळखा की तुमचं नेमकं काय हरवलंय

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि लोक हेच करत नाहीत. सरसकट "मॅच मिस होतेय" म्हणतात आणि मग मोठा टीव्ही घेतात, साउंडबार घेतात, आणि आठवड्यात परत तेच रिकामं वाटायला लागतं. प्रत्येकाचं हरवलेलं वेगळं असतं. काहींना आवाज हवा असतो, हलगी, शिट्ट्या, ती गर्दीची लाट. काहींना माणसं हवी असतात, सीझनभर शेजारी उभा राहणारा तो एक माणूस ज्याचं आडनावही माहीत नाही पण गोल झाला की त्यालाच मिठी मारायची. काहींना तो रोजचा नेम हवा असतो, काम लवकर आटपणं, गाडी लावायला जागा शोधणं, मॅच संपल्यावर चहाच्या गाड्यावर तासभर भांडणं. आणि कोल्हापुरात चौथी गोष्ट असते ती म्हणजे ईर्षा. पाटाकडील विरुद्ध शिवाजी मंडळ, प्रॅक्टिस विरुद्ध दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, जुना बुधवार, फुलेवाडी, ही इथल्या तालमी-मंडळांच्या टीमांची नावं उच्चारली तरी इथला माणूस सरळ बसतो. ती ईर्षा तुर्की-इटलीच्या मॅचमधून मिळणार नाही हे आधीच मान्य करा म्हणजे निराशा होणार नाही, तिच्यासाठी वेगळा उपाय आहे तो पुढे सांगतो.

आणि प्रेक्षक नसले तर खेळाला काय फरक पडतो असं ज्यांना वाटतं त्यांनी गेल्या वर्षीची जर्मनी आठवावी. १६ मे २०२० ला बुंडेसलिगा, तिथली सगळ्यात मोठी लीग, परत सुरू झाली, मोठ्या लीगमधली पहिलीच. त्या दिवशी डॉर्टमुंड विरुद्ध शाल्क, तिथली सगळ्यात कडवी डर्बी, म्हणजे शेजाऱ्या-शेजाऱ्यांतली लढत. डॉर्टमुंडच्या एका बाजूच्या स्टँडमध्ये एरवी जवळजवळ २५ हजार माणसं उभी राहून मॅच बघतात, तो पूर्ण रिकामा. हालँडने पहिला गोल केला, ४-० ने जिंकले, आणि मॅच संपल्यावर पोरं नेहमीसारखी त्या स्टँडसमोर गेली, समोर कुणी नसताना. मला ते बघून गलबलून आलं होतं. त्या उरलेल्या सीझनमध्ये तिथं घरच्या टीमपेक्षा पाहुण्या टीमाच जास्त मॅच जिंकल्या, जे एरवी कधी होत नाही. म्हणजे आपण ओरडतो त्याला किंमत असते, हे आकड्यांतच दिसलं.

सगळ्या मॅच बघू नका

युरोत ५१ मॅच आहेत. आपल्या वेळेप्रमाणे संध्याकाळी साडेसहा, रात्री साडेनऊ आणि साडेबारा अशा पडतील, वर कोपा अमेरिका सुरू झाली की त्या पहाटे. सगळ्या बघायला गेलात तर चौथ्या दिवशी सोफ्यावर झोपलेले असाल आणि काहीच आठवणार नाही. ग्राउंडवरची मॅच लक्षात का राहते, तर तिची वाट बघितलेली असते म्हणून. दोन दिवस आधीपासून पेठेत चर्चा, कोण फिट आहे, कोण बाहेर बसणार.

तर एक टीम पकडा आणि तिच्याच मॅच पूर्ण बघा, बाकीच्यांचे हायलाइट्स सकाळी चहाबरोबर. नोकरीवाल्यांनी शक्यतो साडेसहा किंवा साडेनऊच्या मॅच जास्त असतील अशी टीम धरा, हे फार साधं वाटेल पण ग्रुपमध्ये सहापैकी चार जण जागे राहू शकले तरच मजा येते. टीम ठरली की तिच्याबद्दल दोन दिवस आधी वाचा, लाइनअपचा अंदाज कागदावर लिहून फोटो ग्रुपवर टाका, आणि मॅचआधी तासभर बाकी कामं बंद. ती तयारीच अर्धी मॅच असते.

सगळ्यांचा गोल एकाच वेळी व्हायला पाहिजे

आता खरी तांत्रिक भानगड. परवा ७ तारखेला भारत-बांगलादेश बघत होतो, दोह्यात होती, वर्ल्ड कप क्वालिफायर. ७८ मिनिटं शून्य-शून्य. ७९ व्या मिनिटाला आशिकचा क्रॉस, छेत्रीचं हेडर, गोल. पण आमच्या कॉलवर एकाकडे डिश होती, दोघांकडे अ‍ॅप, आणि डिशवाला ओरडला तेव्हा माझ्या स्क्रीनवर बॉल अजून मिडफिल्डमध्येच होता. म्हणजे गोल मला आधी ऐकू आला आणि मग दिसला. सगळी मजा गेली. (दुसऱ्या गोलपर्यंत आम्ही जुळवून घेतलं होतं, तो सगळ्यांनी एकत्र बघितला, छेत्रीचे देशासाठी ७४ गोल झाले, मेस्सीच्या पुढे, काय वर्णावं!)

डिश आणि अ‍ॅपमध्ये चांगला अर्धा मिनिटाचा फरक पडू शकतो, आणि दोन वेगळ्या फोनवर तेच अ‍ॅप लावलं तरी पाच-दहा सेकंद पुढे-मागे होतं. उपाय असा. मॅच सुरू झाल्यावर दोन मिनिटांनी सगळ्यांनी कॉलवर यायचं, एकाने विचारायचं की स्क्रीनवरचं घड्याळ किती, प्रत्येकाने आपापलं सांगायचं, समजा एकाचं २:४० आणि दुसऱ्याचं २:१०. जो सगळ्यात मागे आहे तो आपला पाया, बाकीच्यांनी आपलं पॉज करून त्याच्यासाठी थांबायचं, "आता" म्हटलं की सुरू. ज्याच्या सेटटॉप बॉक्सला पॉज नाही त्याने त्या दिवसापुरतं अ‍ॅपवर यायचं, कारण तोच सगळ्यांच्या पुढे असतो आणि त्याला थांबवता येत नाही. हाफटाइमनंतर परत एकदा घड्याळ जुळवायचं, नेट अडकलं की परत. पहिल्या दिवशी कंटाळवाणं वाटतं, तिसऱ्या मॅचला एका मिनिटात होतं.

आणि स्कोअर सांगणारी सगळी अ‍ॅप्स त्या दोन तासांसाठी गप्प करा. बाकीचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसुद्धा म्यूट, ऑफिसच्या ग्रुपमध्ये कुणीतरी "गोऽऽल" टाकणारच असतो.

कॉल कसा लावायचा आणि कुणाला घ्यायचं

व्हिडिओ कॉलची हौस पहिल्या दोन मॅचमध्ये फिटते. नंतर कळतं की कुणी कुणाचं तोंड बघत नाही, सगळे मॅच बघतायत, उगाच नेट खातंय आणि मॅच अडकतेय. नुसता आवाजाचा कॉल लावा. फुकटचा झूम ४० मिनिटांत कटतो, म्हणजे बरोबर पहिल्या हाफच्या शेवटी, जेव्हा कॉर्नर चाललेला असतो तेव्हा. व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या, म्हणजे २०२१ मध्ये, आठ जण चालतात, तेवढे पुरे. खरं सांगायचं तर पाच-सहाच्या वर गेलात की गोंगाट होतो, पण तो स्टेडियमचा गोंगाट नसतो, नुसता गोंधळ असतो.

एका कानात इयरफोन, दुसरा कान टीव्हीला मोकळा. टीव्हीचा आवाज कमी, नाहीतर प्रत्येकाच्या मागून कॉमेंट्रीचे सहा प्रतिध्वनी येतात. जो जेवतोय त्याने माइक बंद ठेवावा.

माणसं निवडताना एक गोष्ट पाळा, हुशार बोलणारे घेऊ नका, स्टँडमध्ये जे तुमच्या आजूबाजूला असायचे ते घ्या. नंबर नसेल तर शोधा. आमच्या ओळीत एकजण कायम मागे उभा असायचा, रेफ्रीवर पहिला आवाज त्याचाच, नाव-गाव कुणालाच माहीत नव्हतं. लॉकडाऊन लागल्यावर वाटलं अरे हा कुठं असेल, कसा असेल. तालमीतल्या पोरांकडून विचारत विचारत नंबर मिळवला, त्यालाही आमची नावं माहीत नव्हती पण आवाज लगेच ओळखला. आता दर मॅचला असतो. हे सगळं लिहिण्यामागं माझी एकच कळकळ आहे की स्टँडमधली ओळख स्टेडियम बंद झाल्यावर तुटू देऊ नका, सव्वा वर्ष झालंय, या सव्वा वर्षात कितीतरी घरांत काय काय होऊन गेलंय. ज्याला शेवटचं गॅलरीत बघितलं होतं तो माणूस आता आहे का हेही काही जणांच्या बाबतीत आपल्याला माहीत नाही. फोन करा.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांचं काय

ग्राउंडवर सगळ्यात जास्त कोण जायचं ते आठवा. साठी-सत्तरीतली माणसं. रिटायर झालेली, धोतर-टोपीतली, सायकलवरून येणारी, एकेकाळी स्वतः अनवाणी खेळलेली. त्यांना युरोचं वेड असेलच असं नाही, त्यांना त्या दुपारी हव्या असतात. आणि या सगळ्यात सर्वात जास्त घरात कोंडली गेली तीच. मुलं बाहेर जाऊ देत नाहीत (बरोबरच आहे), टीव्ही सुनेच्या आणि नातवंडांच्या हातात, आणि अ‍ॅप-बिप त्यांना जमत नाही.

त्यांच्यासाठी साधा फोन वापरा. आमच्या गल्लीत एक काका आहेत, मी त्यांना गेल्या मार्चमध्ये आयएसएलची फायनल फोनवरून सांगितली. मुंबई सिटी विरुद्ध एटीके मोहन बागान, १३ मार्च, गोव्यात फातोर्ड्याला, रिकाम्या स्टेडियममध्ये. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला, मी इकडून रनिंग कॉमेंट्री. नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल मारला, २-१, आणि काका मला विचारतात कुठल्या पायाने मारला. यांना अजून तेच महत्त्वाचं.

कसं करायचं ते सांगतो. पूर्ण ९० मिनिटं सांगू नका, तुमचाही घसा बसेल आणि त्यांचाही कान दुखेल. सुरुवातीला दहा मिनिटं, हाफटाइमला पाच मिनिटं आणि शेवटची वीस मिनिटं. नावं सांगताना खेळाडूची जागा सांगा, "लेफ्ट आउट" म्हणा, "विंगर" म्हटलं तर काही जुन्या लोकांना पटकन लागत नाही. बॉल कुठं आहे ते आधी, कोणाकडे आहे ते नंतर. आणि त्यांना बोलू द्या, मध्येच ते १९७० सालच्या कुठल्यातरी मॅचवर जातील, जाऊ द्या, जमलं तर ते बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, त्यांना विचारून. कोल्हापूरच्या फुटबॉलचा अर्धा इतिहास असा माणसांच्या तोंडातच आहे, तो कुठं लिहिलेला नाही.

आवाजाचं काय करायचं

टीव्हीवर हल्ली गर्दीचा आवाज वरून टाकतात. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीग गेल्या जूनमध्ये सुरू झाली तेव्हा तिथल्या चॅनलने फिफा व्हिडिओ गेमवाल्यांकडचा गर्दीचा आवाज वापरला, आपल्या आयएसएलमध्येही तसा आवाज होता आणि घरून बघणारे फॅन मोठ्या स्क्रीनवर दाखवायचे. काहींना ते खोटं वाटतं. माझं मत असं की ज्याला आवाजाची सवय आहे त्याने तो राहू द्यावा, पहिल्या दहा मिनिटांनंतर मेंदू तो स्वीकारतो. पण एखादी मॅच अशी जरूर बघा की जिथं खरा, मोकळा आवाज ऐकू येतो. कोच काय ओरडतो, गोलकीपर बॅकला कसा हलवतो, बॉलवर पाय पडल्याचा आवाज, हे आपल्याला आयुष्यात परत असं ऐकायला मिळणार नाही. जी पोरं स्वतः खेळतात त्यांनी तर हे वहीत लिहून घ्यावं. गोलकीपर ९० मिनिटं बोलत असतो, हे मला या लॉकडाऊनमध्ये समजलं.

आपल्या स्वतःच्या आवाजाचा प्रश्न वेगळा. साडेसहाच्या मॅचला खुशाल ओरडा. साडेबाराच्या मॅचला नाही. शेजारी कुणी होम आयसोलेशनमध्ये असेल, कुणाच्या घरात दहावा-तेरावा चालू असेल, आधी चौकशी करा आणि त्या बाजूची खिडकी बंद ठेवा. हलगी घरात वाजवू नका, बंद खोलीत ती कानाला सहन होत नाही. आम्ही रात्रीच्या मॅचला टॉवेल फिरवतो, आवाज नाही पण हात मोकळे होतात, आणि बसून गोल बघण्यापेक्षा उभं राहून बघितला की अंगात येतो. खरं तर शेवटची पंधरा मिनिटं उभं राहूनच बघा. ग्राउंडवर कोण बसतं तेव्हा.

कॅमेरा दाखवतो तेवढंच बघू नका

स्टेडियममध्ये तुमची नजर तुमची असते. बॉल उजवीकडे असताना तुम्ही डावीकडच्या बॅककडे बघू शकता की हा वर का सरकतोय. टीव्हीवर कॅमेरा बॉलच्या मागे धावतो म्हणून मॅच अरुंद वाटते. याच्यावर एक सोपी युक्ती, दर हाफमध्ये पंधरा मिनिटं एकच खेळाडू धरायचा आणि तो फ्रेममध्ये असेपर्यंत त्याच्याकडेच बघायचं, बॉल गेला तरी. शक्यतो डिफेन्सिव्ह मिडफिल्डर धरा, तो जवळजवळ कायम फ्रेममध्ये असतो. फ्रान्सच्या मॅचला कान्टेला धरून बघा. गेल्या महिन्यात, २९ मे ला, चॅम्पियन्स लीग फायनलला चेल्सीने मँचेस्टर सिटीला १-० हरवलं, गोल हावर्ट्झचा, पण ज्यांनी चेल्सीकडून खेळणाऱ्या याच कान्टेला बघितलं त्यांना ती मॅच दुप्पट दिसली.

लहान पोरांना हे फार आवडतं. प्रत्येकाला एकेक खेळाडू वाटून द्या आणि हाफटाइमला त्याने काय केलं ते विचारा.

मॅचच्या आधीचं आणि नंतरचं

हाफटाइमचा चहा आधी थर्मासमध्ये करून ठेवा, नाहीतर घरातला एक माणूस कायम किचनमध्ये अडकतो आणि तो बहुतेक वेळा तोच असतो ज्याला मॅच बघायचीच असते. भडंग, शेंगदाणे, फार तर कांदाभजी, जेवण आधी उरकलेलं. ग्राउंडवर जे खायचो तेच खा, पिझ्झा-बिझ्झा नको, तोंडाची चवसुद्धा त्या जागेची आठवण देते.

मॅच संपल्यावर लगेच टीव्ही बंद करा, चॅनलवरचं तज्ज्ञांचं बोलणं ऐकू नका, आणि कॉल चालू ठेवून गच्चीवर चालायला जा. वीस मिनिटं. स्टेडियममधून चालत बाहेर पडताना जी वादावादी व्हायची ती चालतानाच होते, सोफ्यावर बसून होत नाही, का ते माहीत नाही पण करून बघा.

ईर्षेसाठी आपलं लोकल फुटबॉल

आता ते वेगळं सांगतो म्हटलेलं. मार्च २०२० मध्ये शाहू स्टेडियमवरचा सीझन अर्ध्यात थांबला आणि त्यानंतर ते ग्राउंड पहिल्यासारखं भरलेलं नाही. युरोप परत सुरू झाला कारण तिथं टीव्हीचे पैसे आहेत, आपल्याकडे ते नाहीत. इथल्या टीमा तालमींवर, पेठेतल्या लोकांवर, बक्षिसांवर आणि गेटवर चालतात.

जुन्या मॅच शोधा. लोकल केबलवाल्यांनी आणि पोरांनी यूट्यूबवर, फेसबुकवर बऱ्याच टाकलेल्या आहेत. एक संध्याकाळ ठरवून, दोन्ही पेठांची माणसं कॉलवर घेऊन, तुमच्या टीमची जुनी फायनल किंवा टायब्रेकर परत बघा. निकाल माहीत असूनही भांडणं होतात, तीच पेनल्टी, तोच रेफ्री, आणि मॅच संपेस्तोवर सगळे पुन्हा आपापल्या पेठेचे झालेले असतात. इथली पोरं बाहेर काय करतात तेही बघत राहा. अनिकेत जाधव, २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप खेळलेला, आयएसएलपर्यंत पोहोचला. निखिल कदम मोहन बागानपर्यंत जाऊन आला. हे कोल्हापूरच्या मातीतून गेलेत.

आणि तिकिटाचे पैसे. जर्मनीत लोकोमोटिव्ह लाइपझिग नावाचा एक छोटा, खालच्या डिव्हिजनचा क्लब आहे, गेल्या वर्षी लॉकडाऊनमध्ये त्यांनी न होणाऱ्या मॅचची एक-एक युरोची तिकिटं विकली. १९८७ मध्ये त्यांच्या बोर्दोविरुद्धच्या सेमीफायनलला जी सव्वा लाखाच्या आसपास गर्दी झाली होती ती मोडायची म्हणून. आणि मोडली. तिथल्याच ग्लाडबाख क्लबने १९ युरोला फॅनचे कटआउट स्टँडमध्ये उभे केले, हजारो लोकांनी घेतले. आपल्याकडे एवढं मोठं काही नको. घरात एक डबा ठेवा, जी मॅच कॉलवर बघाल त्या दिवशी तिकिटाएवढे पैसे त्यात टाका. महिन्याने ते आपल्या तालमीच्या टीमला द्या, बूट लागतात, बॉल लागतात, एखाद्या पोराच्या घरची कमाई बंद असेल. किंवा स्टेडियमच्या बाहेर शेंगा विकणारा, चहावाला, ज्यांचा धंदाच मॅचवर होता, त्यांना शोधून द्या. आमच्या ग्रुपने हे केलंय आणि त्या चहावाल्याने फोनवर पहिला प्रश्न विचारला की मॅच कधी सुरू होणार.

काय करू नका

तालमीत प्रोजेक्टर लावून वीस जण जमवू नका. "आपलीच पोरं आहेत" हे वाक्य या रोगाला लागू होत नाही. १९ फेब्रुवारी २०२० ला अटलांटा-व्हॅलेन्सिया मॅचसाठी इटलीतल्या बेर्गामोहून, म्हणजे अटलांटा क्लबच्या गावाहून, सुमारे ४० हजार माणसं मिलानला गेली, क्लबच्या इतिहासातली सगळ्यात मोठी रात्र, ४-१ ने जिंकले, आणि पुढच्या काही आठवड्यांत त्याच बेर्गामोत कोरोनाने काय झालं ते सगळ्या जगाने बघितलं. तिथल्या लोकांची काही चूक नव्हती, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. आपल्याला माहीत आहे. गेल्या जूनमध्ये लिव्हरपूल ३० वर्षांनी लीग जिंकली तेव्हा हजारो लोक रस्त्यावर आले आणि क्लबलाच त्यांना घरी जा म्हणून सांगावं लागलं. भावना मी समजू शकतो, तीस वर्षं म्हणजे काय असतं. तरीही नाही.

मुंबई सिटीच्या फॅननी काय सोसलं ते बघा, अंधेरीच्या स्टँडमध्ये वर्षानुवर्षं उभं राहिलेली ती वेस्ट ब्लॉक या फॅन ग्रुपची पोरं, आणि टीमने लीग आणि ट्रॉफी दोन्ही जिंकली त्या सीझनमध्ये एकाही मॅचला आत जाता आलं नाही. गोव्यात तर फातोर्ड्याच्या आसपास राहणारी माणसं, घरातून स्टेडियमचे दिवे दिसतात, आणि १४ एप्रिलला एफसी गोवाने आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये अल रय्यानला ०-० रोखलं, धीरजने काय गोलकीपिंग केलं, ते त्यांनी टीव्हीवर बघितलं. त्याच संध्याकाळी आठपासून आपल्याकडे महाराष्ट्रात संचारबंदी लागली होती. त्यांनी धीर धरला, आपणही धरू.

परत जाताना

दिवस येणार आहे. पोर्तोला चॅम्पियन्स लीग फायनलला १४ हजार माणसं होती, युरोच्या शहरांत कमी-जास्त प्रेक्षक सोडणार आहेत, बुडापेस्ट तर पूर्ण स्टेडियम उघडणार म्हणतंय. आपल्याकडे वेळ लागेल. तोवर लस घ्या, घरातल्या वयस्कर फॅनची आधी, दुसऱ्या डोसची तारीख ग्रुपवर लिहून ठेवा म्हणजे एकमेकांना आठवण करून देता येते. गेट उघडलं की पहिल्याच दिवशी पाटाकडील-शिवाजीला उडी मारू नका, एखादी कमी गर्दीची मॅच निवडा, मोकळी जागा बघा, मास्क तोंडावरच राहू दे, ओरडताना सुद्धा. कॉलवरच्या लोकांनी कुठल्या बाजूला उभं राहायचं ते आधीच ठरवा, त्यातल्या बऱ्याच जणांना तुम्ही आवाजाने ओळखता, तोंडाने नाही. आणि काकांना पहिल्या मॅचला नेऊ नका, तिसऱ्या-चौथ्याला न्या, सावलीच्या बाजूला बसवा आणि फोन घरी ठेवायला सांगा.